बाइंडरचं पान एकशे त्र्याण्णव

आमच्या बाइंडरचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात कोणाचा वाटला नाही. बरं, माणसाकडे होतं काय म्हणाल, तर वाचनालयाच्या मागची एक खोली, खळीचं एक पातेलं, दोन दाभणं आणि एका चक्रम कादंबरीवरची मतं. एवढ्या भांडवलावर त्याने माझी नात पळवली.

पळवली म्हणजे तसं नव्हे हो. दर रविवारी दुपारी ती त्याच्या खोलीत जाऊन बसायची आणि पाच वाजता घरी यायची. पण त्याआधीची दहा वर्षं रविवारची दुपार माझी होती. जेवण झालं की मी पलंगावर आडवा व्हायचो, ती पायाशी मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "आजोबा, खांबावरची सांगा."

खांबावरची म्हणजे माझ्या नोकरीतली. चौतीस वर्षं मी विजेच्या तारा जोडल्या. सगळे मला वायरमनच म्हणतात. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. पहिल्या चार इयत्तांना एक खोली, एक मास्तर. मास्तर तिसरीला गणित घालून चौथीला गोष्ट सांगायचे. मी तिसरीत बसून चौथीची गोष्ट ऐकायचो, त्यामुळे माझं गणित कच्चं राहिलं आणि गोष्टी पक्क्या झाल्या. आता हीच बघा ना. एका खांबावर कावळ्याने घरटं बांधलं होतं, आणि त्यात काडी म्हणून एक नाही. आम्ही खाली टाकलेले तारांचे तुकडे गोळा करून सगळं घरटं तारेचं! त्या घरट्यापायी पूर्ण गल्लीची वीज जायची. साहेब म्हणाले, काढून टाक. मी वर चढलो, तर कावळीण अंड्यांवर बसलेली. खाली उतरून साहेबांना सांगितलं, "अजून आठ दिवस काढता येणार नाही." साहेब म्हणाले, "का?" म्हटलं, "बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत." साहेब हसले आणि आठ दिवस त्या गल्लीला दुसऱ्या लाइनवरून वीज दिली.

ही गोष्ट मी नातीला किती वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी ती हसायची. चौदावं लागलं त्या वर्षी एका रविवारी मी "बाळंतपणाच्या रजेवर" म्हणून थांबलो, तर ही शांतपणे म्हणाली, "आजोबा, मागच्या वेळी सहा दिवस होते." आणि उठली. चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"बाइंडरआजोबांकडे. आज पाचव्या भागावर बोलणार आहेत."

बाइंडरआजोबा! नुसतं बाइंडर म्हणाली असती तर चाललं असतं. काका म्हणाली असती तरी गिळलं असतं. पण आजोबा हा हुद्दा आमच्या घरात एकाच माणसाला दिलेला होता.

आता बाइंडर कोण ते सांगतो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारीक अंगकाठी, खांदे पुढे झुकलेले, उजव्या हाताचं पहिलं बोट खळीने कायमचं पांढुरकं. चष्म्याला दोरा बांधलेला, आणि तो दोराही पुस्तकं शिवायचाच. वाचनालयातलं पुस्तक फाटलं की त्याच्याकडे जायचं. तो ते उसवायचा, पानं साफ करायचा, पुन्हा शिवायचा, नवा पुठ्ठा चढवायचा आणि एक दिवस दाबाखाली ठेवायचा. दाबाखालून काढलं की परत करायच्या आधी वाचायचा. फाटलेलं पुस्तक हातात घेऊन वाचायचा नाही. म्हणायचा, "आजारी माणसाशी गप्पा मारू नयेत. बरं वाटलं की बोलावं." आणि जे पुस्तक फाटून आलंच नाही, ते त्याने उघडूनही पाहिलं नाही. "दहा जणांनी हाताळल्याशिवाय पुस्तक फाटत नाही. दहा जण गेलेत त्या वाटेने, म्हणजे काहीतरी असणार," असं त्याचं म्हणणं.

अशीच त्याच्याकडे ती मालिका आली. 'उपडं शहर', सात भाग. एक शहर आहे, ते तळ्याच्या तळातून खाली लोंबतं. घरं उलटी, माणसं छतावरून चालतात, पाऊस पायांकडून येतो. तिथे घड्याळं बनवत नाहीत, ती जन्माला येतात, आणि त्यांचं बाळंतपण करणारी एक सुईण आहे. एक पहारेकरी आहे, त्याची सावली त्याने कोणाला तरी वापरायला दिलीय आणि तो माणूस ती परतच करत नाही. राणीला चौदा नावं आहेत, आणि हाक कुठल्या नावाने मारायची ते वारानुसार ठरतं. असलं सगळं. मी नातीला म्हटलं, "हे लिहिणाऱ्याला ताप आला होता का?" ती म्हणाली, "बाइंडरआजोबा म्हणतात, ताप आल्यावर जे दिसतं तेही कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे."

सहावा भाग आधी फाटला म्हणून त्याने सहावा आधी वाचला, मग पहिला, मग चौथा. आणि मतं काय एकेक! म्हणायचा, पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा दिला की समजावं, लेखकाला स्वतःलाच वाट सापडत नाहीये. म्हणायचा, चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरण लेखकाने उगाच ताणलंय, पुरावा म्हणून पानं बघा, एकाही कोपऱ्याला बोटाचा डाग नाही, सगळ्यांनी उड्या मारल्यात. म्हणायचा, असल्या विचित्र पुस्तकात एकच गोष्ट तपासावी, स्वयंपाक कोण करतं. ज्या शहरात राक्षस आहेत, राणी आहे, उडत्या पायऱ्या आहेत, पण चूल कोणी पेटवत नाही, ते शहर खोटं. उपड्या शहरात मात्र तिसऱ्याच पानावर एक बाई उलट्या चुलीवर भात शिजवते आणि भात वर सांडू नये म्हणून झाकणावर नवऱ्याला बसवते. "हे शहर खरं आहे," बाइंडर म्हणायचा.

हे सगळं मला नातीच्या तोंडून कळायचं. जेवताना, दात घासताना, बाइंडरआजोबा असं म्हणाले, बाइंडरआजोबा तसं म्हणाले. मी एकदा बोललो, "भात उलटा शिजत नाही." तर आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्हाला तर सुलटाही शिजवता येत नाही. एवढं पोटात दुखतंय तर स्वतः जाऊन ऐका की!"

गेलो. नाही म्हणजे, वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला गेलो आणि मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत शिंपी बसलेला, ग्रंथपाल बाई टेबलाला टेकून उभ्या, आणि माझी नात पुठ्ठ्यांच्या थप्पीवर. मला बघून शिंपी म्हणाला, "या वायरमन! आज एकशे त्र्याण्णवचं उघडणार आहे." जागा मात्र कोणी दिली नाही. मी दाराशी उभा राहिलो.

एकशे त्र्याण्णव म्हणजे बाइंडरचं सगळ्यात गाजलेलं मत. तिसऱ्या भागात एकशे ब्याण्णवाव्या पानाच्या तळाशी पहारेकरी एक पेटी उघडतो. वाक्य असं: "पहारेकऱ्याने पेटी उघडून पाहिली, तर आत किल्लीच्या जागी". समोरच्या एकशे त्र्याण्णवावर: "पांढरे केस मोकळे सोडून सुईण रडू लागली." पुढची सोळा पानं ती पहारेकऱ्यासाठी रडते, तो मेला म्हणून. त्या भागात सुईण तरुण आहे, केस काळेभोर. पहारेकरी तर धडधाकट जिवंत, दोनशे नवाव्या पानावर पुन्हा मजेत शिट्टी वाजवतो. मरतो तो पुढे चौथ्या भागात.

आणि पाचव्या भागात? तिथेही नेमकं एकशे त्र्याण्णव. मेलेला पहारेकरी तिथे अवचित हजर होतो, हसतो, सोळा पानं कुलपांच्या तक्रारी करतो आणि गायब.

"दोन्हीकडे तेच पान," बाइंडर बोट वर करून म्हणाला. "योगायोग आहे का हा? नाही. लेखकाने तिथे दार ठेवलंय. त्या शहरात दुःख आधी येतं आणि मरण मागून. सुईण तिसऱ्या भागातच रडून घेते. मग चौथ्यात तो खरोखर जातो तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणतात, काय दगडाची बाई आहे! दगडाची नाही. तिचं रडून झालेलं असतं, बाबांनो. हे ज्याने लिहिलं त्याने ते भोगलेलं आहे."

शिंप्याने खाली बघितलं. का ते सगळ्यांना माहीत होतं. बाइंडरची बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्या दिवशी हा माणूस रडला नाही. आल्यागेल्याला पाणी देत होता, खुर्च्या सरकवत होता. बाहेर लोक कुजबुजले, काय दगड आहे. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला सांगू.

माझ्या नातीचे डोळे भरलेले दिसले. आणि तेव्हा माझ्या मनात आलं ते हे: कावळ्याच्या गोष्टीला ही कधी रडली नव्हती.

त्या दिवशी मी तिसरा भाग माझ्या कार्डावर घरी आणला. वर्तमानपत्रात गुंडाळून. हेतू चांगला नव्हता. मला बाइंडरची चूक काढायची होती, कसलीही, लहानसहान. भिंग घेऊन वाचायला बसलो. सुरुवातीला त्या उलट्या शहरात मला घेरी आली. दिशा कळेना, खांब कुठे रोवायचा इथपासून अडचण. पण माणूस कुठल्याही गावाला सरावतो. चाळिसाव्या पानापर्यंत मी सुईणीच्या मागे चालायला लागलो होतो.

एकशे त्र्याण्णववर पोचलो. "किल्लीच्या जागी पांढरे केस मोकळे सोडून सुईण रडू लागली." वाचायला छान, पण माझ्या हाताला ते पटेना. चौतीस वर्षं तुटलेल्या तारा शोधल्यात मी. तार तुटली की आमची एकच पद्धत: तुटलेलं टोक हातात धरायचं आणि त्याचं जोडीदार टोक कुठे लोंबतंय ते बघत जायचं. दोन टोकं एकमेकांजवळ पडली म्हणून ती एकाच तारेची असतात असं नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवा भाग आणला. त्याच्या एकशे ब्याण्णवच्या तळाशी: "त्या घटकेला शहरातली सगळी घड्याळं थांबली आणि". समोरच्या पानावर: "एक वाळलेलं पान होतं. पहारेकरी हसला."

मी दोन्ही पुस्तकं पलंगावर शेजारी ठेवली आणि टोकं अदलाबदल करून मोठ्याने वाचलं. "पहारेकऱ्याने पेटी उघडून पाहिली, तर आत किल्लीच्या जागी एक वाळलेलं पान होतं. पहारेकरी हसला." आणि दुसरं, "त्या घटकेला शहरातली सगळी घड्याळं थांबली आणि पांढरे केस मोकळे सोडून सुईण रडू लागली."

मी पलंगावरून उठून उभाच राहिलो.

पुस्तक छापताना सोळा सोळा पानांच्या घड्या होतात. त्या घडीला फर्मा म्हणतात, आणि फर्म्यावर फर्मा ठेवून पुस्तक शिवतात. एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ हा तेरावा फर्मा. तिसऱ्या भागाचा तेरावा पाचव्यात गेला होता आणि पाचव्याचा तिसऱ्यात. पानांचे आकडे जुळत होते, वर फक्त मालिकेचं नाव छापलेलं, कोणाला संशय येणार? पुस्तक फाटायच्या आधी ज्यांनी वाचलं होतं ते काही पुन्हा वाचायला बसले नव्हते. दार नव्हतं, लेखकाची करामत नव्हती. बाइंडरने शिवताना घोळ घातला होता आणि त्या घोळावर दोन महिने प्रवचन केलं होतं!

आनंद झाला का? अहो, मी आरशासमोर जाऊन केस विंचरले. आमची ही म्हणाली, "कुठे लग्नाला निघालात?"

रविवारी दोन्ही भाग पिशवीत घालून मी त्या खोलीत गेलो. मंडळी तीच. बाइंडर सातव्या भागातही एकशे त्र्याण्णववर काहीतरी असणार म्हणून बोलत होता. मी म्हटलं, "बाइंडर, जरा ही दोन टोकं ऐका." आणि वाचून दाखवलं, आधी शिवलंय तसं आणि मग अदलाबदल करून. शब्दन् शब्द सावकाश वाचला. खोटं नाही सांगत, इतकं छान मी आयुष्यात कधी वाचलं नसेल.

शिंपी म्हणाला, "म्हणजे?"

बाइंडरने हात पुढे केला. त्याने पुस्तकं मागितली, तिसऱ्याचं पोट उघडलं, तेराव्या फर्म्याच्या मध्यावर बोट ठेवलं आणि दोऱ्याची गाठ पाहिली. मग पाचव्याची पाहिली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघतोय.

"टाका माझाच आहे," तो म्हणाला. "त्या वर्षी मी काम घरी नेत होतो. ती हाक मारायची, मी उठून जायचो, परत येऊन बसायचो. त्या दिवशी खूप वेळा हाक मारली तिने." चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वायरमन बरोबर बोलतायत. लेखकाने असं काही लिहिलेलं नाही."

"पण मग ते रडण्याचं..." नात म्हणाली.

"ते पुस्तकात नाही बाळ."

त्याने तिथेच कात्री घेतली आणि दोन्ही पुस्तकं उसवायला लागला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, उद्या करा." तो म्हणाला, "चुकीचं पुस्तक वाचकाला द्यायचं नाही." शिंपी उठला. नात उठली. मी सगळ्यात शेवटी उठलो, कारण मला वाटत होतं, कोणीतरी काहीतरी म्हणेल. शाबास वगैरे.

शाबास राहिलं बाजूला. दुरुस्त केलेला तिसरा भाग शिंप्याने वाचला आणि मला रस्त्यात अडवून म्हणाला, "काय मिळवलंत हो वायरमन? आता तिथे सोळा पानं नुसती कुलपांची कटकट आहे. आधी काय झकास होतं!" जसा काही मीच बसून ती कुलपं लिहिली होती.

बाइंडर रविवारचं बोलेनासा झाला. दार उघडं असायचं, तो आत काम करत असायचा, कोणी डोकावलं तर म्हणायचा, "नाही हो, आज हातात काम आहे." आणि माझी रविवारची दुपार मला परत मिळाली. मी आडवा झालो. नात पायाशी बसली.

"खांबावरची सांगू?"

"सांगा."

शाळेत सूचना वाचून दाखवतात ना, तशी तिने ऐकली. आठ दिवस म्हटलं तरी काही बोलली नाही, सहा म्हटलं असतं तरी बोलली नसती. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी अर्ध्यातच थांबलो, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"अगं, बोल की काहीतरी."

"आजोबा, तुम्ही त्यांना एकट्याला सांगू शकला असतात."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तोवर एक भानगड झाली होती. चूक सापडल्यावर मला त्या पुस्तकांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, पण सुईणीचं पुढे काय झालं ते कळेपर्यंत चैन पडेना. पहिला वाचला, दुसरा वाचला, चौथा वाचला. सहाव्यात अडलो. तिथे एका घरी घड्याळ जन्मतं, पण मेलेलंच. सुईण काय करते, तर त्याला किल्ली देत बसते. पुन्हा पुन्हा. घरचे बघतायत. मी ते पान पाच वेळा वाचलं. कोणाला विचारावं? ग्रंथपाल बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "पुस्तकं लावणं माझं काम. लेखकाचं डोकं लावणं नाही." शिंपी माझ्याशी बोलत नव्हता. नातीला विचारायचं तोंड नव्हतं.

मंगळवारी सकाळी सहावा भाग घेऊन मागच्या खोलीत गेलो. बाइंडर पुठ्ठ्याला खळ लावत होता. मान वर न करता म्हणाला, "काय वायरमन, अजून कुठे जोड चुकलाय?"

"चुकला नाही. कळत नाहीये."

"सगळे जोड तपासलेत मी. सातही भागांचे. दोनच चुकले होते."

"जोडाचं नाही हो. ही बाई मेलेल्या घड्याळाला किल्ली का देते? वेडी आहे का?"

तो खळ लावत राहिला. ब्रश पार कोपऱ्यापर्यंत नेला. मग म्हणाला, "कितीदा देते?"

"काय कितीदा?"

"किल्ली कितीदा देते? लेखकाने आकडा दिलाय."

"नाही पाहिला."

"नाही पाहिला? अहो, मग वाचलंत काय?" आता मान वर आली. "दुसऱ्याची पानं मोजता येतात, ही मोजता येत नाहीत? सहा वेळा देते. आणि त्या घरात माणसं किती आहेत?"

मी पान उघडून बोटं मुडपत मोजली. आजी, आईबाप, दोन मुली, एक काका.

"सहा."

"मग?" बाइंडर म्हणाला. "किल्ली घड्याळाला नाही देत ती. एकेका माणसासाठी एकेकदा देते. प्रत्येकाला दिसायला पाहिजे ना, की आपल्या वाटचा प्रयत्न झाला."

मी पान पुन्हा पाहिलं. एकच विचार डोक्यात: मेल्याला हे सुचतं कुठून? पाच वेळा वाचून मला दिसलं नाही आणि ह्याने खळीचा ब्रश हातात धरून सांगितलं. पोटात तीच जुनी कळ आली, अगदी होती तशी. चूक काढल्याने ती बरी झाली नव्हती.

"बाइंडर," मी म्हटलं, "ते एकशे त्र्याण्णवचं मत वाईट नव्हतं."

"मत पुस्तकावर असतं. पुस्तकच तसं नव्हतं."

"पुस्तकात नसेल. तुमच्या घरी तर तसंच झालं होतं."

त्याने ब्रश पातेल्यात ठेवला. "घरी झालं ते घरी," तो म्हणाला. "ते लेखकाच्या नावावर घालून मी दोन महिने बोलत होतो. स्वतःच्या नावावर बोलायला जमलं नसतं." मग जरा थांबून, "तुम्हीपण दगड म्हणाला होतात ना मला?"

"म्हणालो होतो."

"हं," तो म्हणाला, आणि स्टुलावरची कागदांची थप्पी उचलून खाली ठेवली. "बसा. उभ्याने कोणी सहाव्या भागावर बोलतं का? मला सांगा, तो काका तुम्हाला पहिल्यापासूनच लबाड वाटला की नाही?"

काका लबाड नव्हता. मी तसं म्हणालो. त्यावर आमचं जे जुंपलं ते दुपारचं जेवण निवून गेलं. मी म्हणत होतो, काका बिचारा आहे, त्याला पायऱ्यांची भीती वाटते. बाइंडर म्हणत होता, पायऱ्यांना घाबरणारा माणूस छताच्या शहरात जगेल कसा, सोंग आहे ते. मी म्हटलं, मी खांबावर चढणारे तीन जण बघितलेत, जे घरातल्या शिडीला घाबरायचे. त्यातल्या एकाची तर... असो. बाइंडरने ती गोष्ट सगळी ऐकली, मध्ये बोलला नाही, आणि शेवटी म्हणाला, "बरं, काका अर्धा बिचारा. उरलेल्या अर्ध्याचं रविवारी बघू." तेवढ्यावर मी उठलो.

घरी येऊन नातीला एवढंच म्हटलं, "बाइंडर रविवारी सहाव्यावर बोलणार आहे. त्याचं चुकतंय. मी जाणार आहे सांगायला."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आजोबा, तुम्ही सहावा वाचलात?"

"सहाच्या सहा वाचलेत. सातवा चालू आहे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस का?"

रविवारी ती माझ्या आधी चपला घालून दारात उभी. वाटेत तिने मला पहिल्या भागातल्या राणीबद्दल तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं माझ्याकडे होती. त्या वाटेवर मी किती हळू चाललो असेन त्याची कल्पना करा.

आता दर रविवारी असंच चालतं. शिंपी बोलायला लागलाय, पण कुलपांचा टोमणा दर वेळी मारतो. बाइंडर एका बाजूला, मी समोरच्या बाजूला, मध्ये कापायचं यंत्र. तो मत सांगतो, मी खोडतो, मी सांगतो, तो चष्म्यावरून बघतो. नात दोघांनाही आजोबाच म्हणते, त्याच्या आधीचं 'बाइंडर' कधी गळालं ते मला कळलंच नाही. बसते मात्र त्याच्या बाजूला, पुठ्ठ्यांच्या थप्पीवर. मी एकदा सहज म्हटलं, "इकडे ये की, स्टूल मोकळं आहे." म्हणाली, "नको आजोबा, इकडे उजेड चांगला येतो."

येत असेल. खिडकी माझ्या बाजूला आहे.